सुरांचे दफ्तर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनच्या स्वाऱ्यांनी इटलीतील लहानमोठी राज्ये ढवळून निघत असताना, मिलान शहरातील जुन्या न्यायसभेच्या कमानींखाली जोव्हान्नी रिकोर्डी नावाच्या एका तरुण व्हायोलिनवादकाने संगीताच्या नकला करून देण्याचे दुकान मांडले. व्यवसाय दिसायला साधा आणि प्रतिष्ठेने बेताचा. परंतु ज्या देशात हंगामामागून हंगाम नवे ऑपेरे, म्हणजे संगीतनाट्ये, रंगभूमीवर येत, त्या देशात ह्या कामावाचून कोणाचेच चालत नसे. रचनाकार संपूर्ण ऑपेऱ्याचा एकच स्वरलेख सिद्ध करी; त्यात गायक-गायिकांच्या, समूहगायकांच्या आणि वाद्यवृंदातील एकेका वाद्याच्या ओळी एकीखाली एक मांडलेल्या असत; आणि प्रयोगापूर्वीच्या थोडक्या दिवसांत त्या एका लेखातून प्रत्येक वादकाची ओळ निराळी काढून त्याच्या पुढ्यात ठेवण्याजोगी स्वच्छ प्रत तयार करणे, हे नक्कलनविसाचे काम असे. मेणबत्तीच्या उजेडात रात्र रात्र जागून केलेल्या ह्या कामाला टाळ्या नसत. चूक झाली तर मात्र ती भर प्रयोगात साऱ्या प्रेक्षागृहाला ऐकू येई.

रिकोर्डीचे वेगळेपण असे, की नाट्यगृहांशी करार करताना तो केवळ मजुरीवर समाधान मानीत नसे. मूळ हस्तलिखित आपल्या ताब्यात राहावे आणि पुढे त्याच्या नकला इतर नाट्यगृहांना भाड्याने देण्याचा हक्क आपल्याला असावा, हे कलम तो आग्रहाने घालून घेई. १८०७ मध्ये तो जर्मनीतील लाइपझिग येथे गेला, तेथील ब्राइटकोफ आणि हेर्टेल ह्या नामांकित छापखान्यात धातूच्या पत्र्यावर स्वरलिपी कोरण्याची विद्या त्याने पाहून घेतली, आणि १८०८ च्या जानेवारीत मिलानमध्ये आपली प्रकाशनसंस्था स्थापन केली. १८१४ मध्ये ला स्काला ह्या विख्यात नाट्यगृहाचे प्रकाशन त्याच्याकडे आले. १८२५ मध्ये त्या नाट्यगृहाजवळ साठलेली जुनी हस्तलिखितेच त्याने विकत घेतली. ज्या कागदांचे काम प्रयोगाबरोबर संपले असे व्यवस्थापकांना वाटत होते, त्यांची किंमत एका नकलाकाराला कळली होती. आणि ती का कळली असावी ह्याचा विचार करताना मला वाटते, की ज्याने एकेक पान स्वतःच्या हाताने उतरवलेले असते, त्याला त्या पानाचा मोह इतरांहून निराळा जडतो. त्यात व्यापार होता, आणि उघड उघड होता. परंतु व्यापाराच्या त्या कलमातून जे निर्माण झाले, ते आज जगातील संगीताच्या सर्वांत मोठ्या खाजगी दफ्तरांपैकी एक आहे, आणि त्यासाठी मी त्या माणसाचा मनापासून ऋणी आहे.

हे दफ्तर आता मिलानच्या ब्रेरा राजप्रासादातील ब्राइदेन्से राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलेले आहे. सहाशेंहून अधिक ऑपेरे आणि शेकडो अन्य रचना मिळून सुमारे ७,८०० मूळ स्वरलेख, सुमारे दहा हजार संहिता, नेपथ्याची आणि वेशभूषेची हजारो रेखाचित्रे, छायाचित्रे, भित्तिपत्रके, आणि रचनाकार, कवी, गायक, व्यवस्थापक ह्यांची हजारो पत्रे असा त्याचा पसारा आहे. इटलीचा थोर रचनाकार व्हेर्दी ह्याच्या अठ्ठावीस ऑपेऱ्यांपैकी तेवीस ऑपेऱ्यांची त्याच्या हातची पाने तेथे आहेत. त्याच्यानंतरच्या पिढीतील पुच्चिनीचे, एक ‘ला रोन्दिने’ वगळता, सारे ऑपेरे तेथे आहेत. जोव्हान्नीमागून त्याचा पुत्र तितो, मग नातू जुलिओ, मग पणतू, अशा चार पिढ्या हा कारभार त्या घराण्याकडे राहिला. आणि आपल्याकडे वतनाचे कागद जसे एका हातातून दुसऱ्या हातात जात, तसे हे स्वरांचे कागद बापाकडून मुलाकडे गेले.

त्या पानांच्या छायाप्रती मी तळेगावात, स्टेशनापासून थोड्या अंतरावरच्या माझ्या घरी बसून पाहत असतो, आणि पाश्चात्य संगीताचे माझे ज्ञान अगदी तुटपुंजे असूनही ती पाने मला खिळवून ठेवतात. व्हेर्दीची लिहिण्याची रीत त्यांत स्पष्ट दिसते. आरंभी तो गायकाची ओळ आणि सर्वांत खालची खर्जाची ओळ एवढीच लिही, मधूनमधून एखाद्या वाद्याचा मोक्याचा सूर नोंदवी, आणि बाकी सारे पान कोरे ठेवी; ह्या सांगाड्यावरून नक्कलनविसाने गायकांच्या प्रती काढावयाच्या, गायकांनी तालमींना लागायचे, आणि तोवर व्हेर्दीने त्याच पानाकडे परत येऊन मधल्या रिकाम्या ओळींत वाद्यवृंद भरायचा. शाईच्या फिक्या-गडद छटांवरून संशोधक आज सांगू शकतात, की अमुक सूर पहिल्या बैठकीतला आणि अमुक नंतरचा. ज्या गाण्याचा परिणाम श्रोत्याला एका क्षणात, अखंड, जणू आकाशातून उतरल्यासारखा जाणवतो, ते असे थरांवर थर चढवून, मध्ये पाने कोरी सोडून, खोडून आणि पुन्हा लिहून झालेले आहे, हे डोळ्यांनी पाहण्यात जो आनंद आहे तो मला तरी गाणे ऐकण्याच्या आनंदाहून कमी वाटत नाही.

आणि ह्या पानांचे महत्त्व केवळ भाविकाच्या दर्शनापुरते नाही. छापील प्रती पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा छापल्या जाताना त्यांत संपादकांनी आणि मुद्रितशोधकांनी सद्‌भावनेने पुष्कळ ‘सुधारणा’ केल्या होत्या. दोन ठिकाणी निराळी असलेली खूण सारखी केली, विचित्र वाटलेला सूर सरळ केला, आणि हळूहळू व्हेर्दी सोडून व्हेर्दीचे संस्करण गाइले जाऊ लागले. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठ आणि रिकोर्डी ह्यांनी मिळून मूळ हस्तलिखितांच्या आधारे जी चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिचा ‘रिगोलेत्तो’ हा पहिला ऑपेरा १८५१ च्या पहिल्या प्रयोगानंतर बत्तीस वर्षे अधिक एक शतक लोटल्यावर, १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ पान जवळ होते म्हणूनच परत फिरण्याची वाट शिल्लक राहिली होती.

पुच्चिनीची गोष्ट ह्याहून हृदयद्रावक आहे. घशाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी तो ब्रुसेल्सला गेला तेव्हा ‘तुरान्दोत’चा शेवट लिहावयाचा उरला होता, आणि २९ नोव्हेंबर १९२४ रोजी तो तेथेच वारला. मागे राहिली ती टाचणांची तेवीस पाने: घाईने ओढलेल्या रेघा, सूर आहे की शाईचा डाग हे ओळखू येऊ नये अशी चिन्हे, आणि मध्येच स्वतःसाठी लिहिलेली एखादी सूचना. त्यांवरून फ्रान्को अल्फानो ह्याने शेवट पुरा केला. परंतु २५ एप्रिल १९२६ रोजी ला स्कालात पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानीनी ह्याने पुच्चिनीने पूर्ण केलेला भाग संपताच हातातील छडी खाली ठेवली आणि प्रयोग तेथेच थांबवला. ती टाचणे ह्याच दफ्तरात आहेत.

पत्रव्यवहाराचे दालन तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय व्हावे असे आहे. ‘आइदा’नंतर व्हेर्दीने नवा ऑपेरा लिहिणे जवळजवळ सोडून दिले होते, त्याला पुन्हा लेखणी धरावयास लावण्याची मसलत जुलिओ रिकोर्डी आणि कवी आर्रिगो बोइतो ह्यांनी केली, आणि त्या मसलतीला आपसांत ‘चॉकलेटचा बेत’ असे नाव ठेवले, कारण त्या बेताचा नायक ऑथेल्लो हा कृष्णवर्णीय मूर होता. बेताचे फळ १८८७ मध्ये ‘ओतेल्लो’च्या रूपाने आणि त्यानंतर सहा वर्षांनी, व्हेर्दी ऐंशीच्या घरात असताना, ‘फालस्टाफ’च्या रूपाने जगाला मिळाले. संस्थेतून गेलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल बांधीव वह्यांत ठेवण्याचा, आणि छापलेल्या प्रत्येक रचनेला अनुक्रमांक देऊन तिची नोंद मोठ्या खातेवह्यांत करण्याचा शिरस्ता तेथे होता. त्या लिहिणाऱ्या कारकुनांना आपण इतिहास लिहीत आहोत ह्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. ते आपल्या धन्याचा हिशेब लिहीत होते. पण दफ्तरे नेहमी अशीच जन्मतात, आणि महाराष्ट्रातील वाचकाला हे निराळे सांगावयास नको.

विशेषतः आम्हा मावळवासीयांना तर नकोच. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दीर्घ चाकरी संपवून जे स्थायिक झाले ते येथून तीन स्टेशने पलीकडच्या कामशेतला. १९५९ मध्ये त्यांचा देह पडला तोही तेथेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांचे गठ्ठे उघडून त्यांतील निवडक कागद १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध करण्याचे जे प्रचंड काम त्यांनी केले, त्याने मराठ्यांच्या इतिहासाचा पायाच नव्याने घातला गेला. मावळातल्या पावसाला कागदाचे वावडे आहे; जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे भिंती घामेजतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते, आणि कसर ही पानांमधून जणू बोगदेच खणते. असल्या हवेच्या मुलखात आमच्या पूर्वजांनी कडुनिंबाचा पाला घालून, रुमालात बांधून, माळ्यावर आणि कोनाड्यांत ठेवून इतके कागद वाचवले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र काय वाचवले आणि काय वाचवले नाही, हे पाहू लागले की मन अस्वस्थ होते. पेशवाईच्या कागदांत गवयांचे, कलावंतिणींचे, पखवाज्यांचे उल्लेख आहेत. गणपतीच्या उत्सवात कोणाला किती बिदागी दिली, कोणाला शेला आणि कोणाला पागोटे मिळाले, ह्याची बिनचूक नोंद कारकून करीत असत. गाइले काय, ह्याची नोंद नाही. रुपये आणि आणे लिहिणाऱ्या लेखणीला षड्ज आणि ऋषभ लिहिता येत नव्हते, आणि लिहावेत असे कोणाला वाटलेही नव्हते. ज्या दरबारात अवघ्या हिंदुस्थानातील गुणीजन येऊन गेले, त्या दरबारातील एका संध्याकाळचे संगीतही आपल्यापाशी उरलेले नाही.

हीच गोष्ट अभंगांची. आमच्या गावाच्या उत्तरेला इंद्रायणीपलीकडे भंडाऱ्याचा डोंगर दिसतो, जेथे तुकोबा एकांतासाठी जाऊन बसत. त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे ह्यांची समाधी सुदुंबऱ्याला, म्हणजे येथून हाकेच्या अंतरावर आहे. मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये देऊन १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत गाथेची जी संशोधित आवृत्ती काढविली, तिच्यासाठी विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित ह्यांनी मिळवलेल्या हस्तलिखितांत देहू, कडूस आणि पंढरपूर येथल्या प्रतींच्या बरोबरीने एक प्रत तळेगावची होती; पुढे वि. ल. भावे ह्यांनी संताजींच्या वह्यांवरून निराळा ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. एका शब्दाचा, एका काना-मात्रेचा पाठभेद तपासण्यासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली. परंतु तुकोबा कीर्तनात उभे राहून ते शब्द कोणत्या सुरांत म्हणत, हे सांगणारे पान नव्हते आणि नाही. गाथा तरली, तिची चाल कोणत्याही वहीत नव्हती, म्हणून तिला तरण्याची किंवा बुडण्याची पाळीच आली नाही.

ह्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते मी हलके मानीत नाही. आपले संगीत कंठस्थ आहे, ते गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाते, कागदावर ते मरते, असे ते उत्तर आहे. आमच्या गावच्या डोळसनाथाच्या देवळात सप्ताहाच्या रात्री भजन ऐकताना हे उत्तर खरे वाटते. वीणेकरी मध्ये उभा, दोहों बाजूंना टाळकरी, पखवाजावर भजनी ठेका. रूपाचा अभंग सुरू झाला की तो कालच्यासारखा नसतो आणि उद्यासारखाही नसणार असतो. हे चैतन्य कोणत्या लिपीत मावेल? परंतु व्हेर्दीची लिपीही गायकाचे चैतन्य पकडीत नाही. ती फक्त तो कोठून निघाला आणि त्याला कोठे पोचावयाचे आहे एवढे सांगते, आणि तेवढ्यावर दीडशे वर्षांनी जन्मलेला गायक पुन्हा उभा राहतो. कंठाची परंपरा जोवर अखंड आहे तोवर ती कागदाहून श्रेष्ठ खरी; पण ती एका पिढीत तुटली की तिचे नावसुद्धा मागे राहत नाही.

किंवा नाव तेवढे राहते, आणि ते अधिक दुःखाचे आहे. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे माहीत असेल, की प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग आणि ताल ह्यांच्या जोडीला ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा पहिला चरण दिलेला असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. त्यांनी साकी, दिंडी, कामदा ह्या कीर्तनातल्या रचनाप्रकारांबरोबर कानडी पदांच्या, लावण्यांच्या चाली घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ मध्ये ‘वीरतनया’पासून पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चाली आणल्या. त्या वेळच्या वाचकाला तो एक चरण पुरे असे. तो वाचताच सारी चाल त्याच्या कानात उभी राही. आज त्या मथळ्यांतील कितीतरी मूळ गाणी कोणालाच ठाऊक नाहीत. कुलूप कोणते आणि किल्ली कोणती हे स्पष्ट लिहिलेले आहे, फक्त किल्ली हरवली आहे. आणि तरीही ती पुस्तके मी पुन्हा पुन्हा उघडतो, कारण त्या माथ्यावरच्या एकेका ओळीत एकेका नाहीशा झालेल्या मैफलीचा पत्ता आहे. पुढे ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या तेव्हा ध्वनिमुद्रिका आल्या होत्या, म्हणून बालगंधर्वांचा आवाज आपल्याला मिळाला, तोही तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत बसेल तेवढा, आणि जे पद प्रयोगात ‘वन्समोअर’ घेत अर्धा तास रंगे त्याचा तो केवळ उंबरठा आहे.

लिहून ठेवण्याची गरज ओळखणारी माणसे आपल्याकडे झाली नाहीत असे मुळीच नाही, आणि त्यांच्याविषयी जितक्या आदराने लिहावे तितके थोडे. सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात १८८६ मध्ये गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्ष ह्यांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध करून पुस्तके छापली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले आणि स्वरलिपीची पुस्तके छापण्यासाठी स्वतःचा छापखानाच उभारला. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर १९३३ मध्ये फ्लॉरेन्सच्या संगीतपरिषदेला गेले, तेव्हा लिपीने जगणारा देश आणि कंठाने जगणारा देश समोरासमोर आले होते. आणि विष्णु नारायण भातखंडे! मुंबईच्या ह्या वकिलाने वकिली मागे टाकून देशभर प्रवास केला, संस्थानांच्या ग्रंथालयांत संस्कृत पोथ्या तपासल्या, खाँसाहेबांच्या विनवण्या केल्या, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीसह छापून काढल्या. जी चीज बापाने मुलालाही सहजी देऊ नये असा दंडक होता, ती त्यांनी कोणाही विद्यार्थ्याच्या हातात चार आण्यांच्या पुस्तकासारखी सुलभ करून ठेवली. ‘पुस्तकी गाणे’ म्हणून त्यांची हेटाळणी झाली. परंतु ज्या घराण्यांच्या वारसांनी ती हेटाळणी केली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या चिजा आज भातखंड्यांच्या पानांवरच जिवंत आहेत, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

दुसरी एक कथा आपल्या अगदी जवळची असून तिची आठवण फार थोड्यांना आहे. अकराव्या शतकात आरेत्सो येथील ग्विदो नावाच्या ख्रिस्ती साधूने सूर रेघांवर लिहिण्याची आणि स्वरांना नावे देऊन शिकवण्याची जी पद्धत घातली, ती शतकांचा प्रवास करीत पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर गोव्यात आली, आणि तेथल्या चर्चच्या शाळांतून खेड्यापाड्यांतील मुले व्हायोलिन आणि सोल्फा शिकली. तीच मुले पुढे मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ह्यांसारख्या गोमंतकीय संयोजकांनी संगीत दिग्दर्शकाने गुणगुणलेल्या चालीभोवती साठ-सत्तर वाद्यांचे स्वरलेख पाच रेघांच्या कागदावर लिहिले. नक्कलनविसांनी प्रत्येक वादकाची ओळ निराळी काढली. सकाळी लिहिलेले दुपारी वाजले आणि संध्याकाळी ध्वनिमुद्रित झाले. म्हणजे मिलानमध्ये रिकोर्डी करीत होता तेच काम, त्याच लिपीत, ताडदेव आणि दादरच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षे चालू होते. फरक एवढाच, की ते कागद आपल्यापाशी राहावेत असे कलम करारात घालून घेणारा कोणी नव्हता. ध्वनिमुद्रण झाले की त्यांचे काम सरले, आणि त्यांतील बहुतेक सारे नाहीसे झाले. जे सूर लक्षावधी लोकांच्या ओठांवर आहेत त्यांचे मूळ लेख जपले गेले नाहीत, ही हानी कोणत्याही ऑपेऱ्याच्या हानीहून मला लहान वाटत नाही.

कागद जपणे म्हणजे ते एकदा पेटीत घालून निश्चिंत होणे नव्हे, हेही मिलानच्याच उदाहरणावरून कळते. १९४३ च्या ऑगस्टमध्ये त्या शहरावर बाँबवर्षाव झाला. रिकोर्डीच्या इमारतींचे आणि छापखान्याचे अतोनात नुकसान झाले. परंतु मूळ हस्तलिखिते आधीच सुरक्षित जागी हलवलेली असल्यामुळे ती वाचली. त्याच शहरातील सोन्झोन्यो ह्या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेचे दफ्तर त्या बाँबवर्षावात भस्मसात झाले, आणि पुच्चिनीचा जो एकच ऑपेरा रिकोर्डीकडे नव्हता, तो त्यांनीच प्रकाशित केलेला होता. पुढे रिकोर्डी संस्था १९९४ मध्ये जर्मनीच्या बेर्टेल्समान समूहाकडे गेली. काही वर्षांनी त्या समूहाने संगीतप्रकाशनाचा सारा व्यवसाय विकला, पण हे दफ्तर मात्र विकले नाही, स्वतःकडे ठेवले, आणि त्याच्या जतनाचा, पाने दुरुस्त करण्याचा, त्यांची छायांकने काढण्याचा खर्च उचलला. दुकान गेले आणि वह्या राहिल्या. जोव्हान्नीच्या त्या जुन्या कलमाचा हा दोनशे वर्षांनंतरचा अंमल आहे.

हे सारे वाचत असतानाच माझ्या मनाने घेतले, की आपल्या हाती जे आहे तेवढे तरी लिहावे. आमच्या भागातील एका वृद्ध भजनीबुवांना दोनशेच्या वर अभंग आणि गौळणी जुन्या चालींत मुखोद्गत आहेत. त्यांची वही मी पाहिली. तिच्यात अक्षरे मोत्यांसारखी, आणि चालीच्या जागी नुसत्या खुणा: ‘धाकट्या पंढरीची’, ‘आषाढातली’, ‘वडिलांची’. ह्या खुणांचा अर्थ लावू शकणारा जगात एकच माणूस आहे आणि त्याने ऐंशी ओलांडली आहे. तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो, आणि भातखंड्यांच्या पद्धतीने, कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राखाली बिंदू, समेवर फुली, असे करीत त्यांच्या चाली उतरवू लागलो.

पहिली अडचण उभी राहिली ती अशी, की बुवा एकच चरण तीन वेळा म्हणत आणि तिन्ही वेळा निराळा म्हणत. खरी चाल कोणती, असे विचारले की ते म्हणत, तिन्ही. आरंभी मी त्यांतली एक निवडून बाकीच्या सोडून देत होतो. मग व्हेर्दीच्या आवृत्तीचे संपादक सारे पाठभेद परिशिष्टात देतात हे आठवले, आणि डाव्या पानावर एक चाल, उजवे पान फेरफारांसाठी मोकळे, अशी वही आखली. त्याने काम संथ झाले, पण बुवांचा विश्वास वाढला. आपले गाणे कापून घेतले जात नाही हे त्यांच्या लक्षात आले असावे.

एके दिवशी मी लिहिलेले सारे त्यांना वाचून, म्हणजे सुरांत म्हणून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, दोन ठिकाणी निषाद दुरुस्त केला, आणि मग जरा तीव्र स्वरात म्हणाले, “मास्तर, चाल लिवली, ती बराबर हाय. पन कुनाची ते कुटं लिवलंय? ही काय माजी न्हाय.” खरोखरच मी ते लिहिले नव्हते. मिलानच्या खातेवह्यांत प्रत्येक रचनेपुढे रचनाकाराचे नाव आहे, हे वाचून हरखून गेलेला मी, आमच्या चालींना रचनाकार असेल हे गृहीतच धरीत नव्हतो. त्या लोकांच्या, म्हणजे कोणाच्याच नाहीत, असे समजून चाललो होतो. बुवांना मात्र प्रत्येक चाल कोणाकडून आली हे ठाऊक होते. मी वहीत आणखी एक रकाना आखला. पहिल्या चालीपुढे त्यांनी सांगितले ते नाव इंदोरीच्या एका गवंड्याचे होते, ज्याच्या हाताखाली बुवांनी लहानपणी विटा वाहिल्या होत्या. दुसरीपुढे त्यांच्या मावशीचे, जिने ती जात्यावर म्हटली होती आणि बुवांनी ती अभंगाला लावली. तिसरीचे नाव त्यांना लगेच आठवेना. ते ठरवून पुढच्या एकादशीला सांगेन म्हणाले, आणि तोवर तो रकाना कोरा ठेवण्याविषयी त्यांनी मला दोनदा बजावले.